ड्रमवरची बंडी

भीमराज खंदारेला बंडी घालायची नव्हती. लेकीने ती खाटेवर पसरून ठेवली होती आणि तो तिच्याकडे पाठ करून चहा पीत बसला होता.

"बाबा, घालून तर बघा!" पल्लवी ओरडली.

त्याच्याशी घरातही ओरडूनच बोलावे लागे. हळदीच्या ड्रमपाशी उभे राहून राहून त्याचे कान गेले होते. शांत खोलीत कुणी तोंडासमोर येऊन मोठ्याने बोलले तर कळायचे. ड्रम सुरू झाला की आभाळ कोसळले तरी पत्ता नसे.

"झुलीवाणी दिसून राहिली," तो म्हणाला. "मी काय पोळ्याचा बैल हाय?"

"बैल बरा. तो गुमान घालून तरी घेतो."

हळद शिजवून वाळवली की काळपट, खरखरीत दिसते. ती मोठ्या लोखंडी ड्रममध्ये भरतात, ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर ड्रम फिरवतात. हळकुंडे एकमेकांवर घासतात, साल झडते आणि माल पिवळा होऊन निघतो. शिरड शहापूरच्या आसपास होळीपासून हे काम चालते आणि ड्रम या शेतातून त्या शेतात फिरत राहतो. ट्रॅक्टर भीमराजच्या मेव्हण्याचा, सोनाजीचा. सोनाजी सीटवर आणि भीमराज ड्रमच्या तोंडाशी, अशी त्यांची वाटणी होती. ड्रम थांबला की भीमराजने दार उघडायचे, आत हात घालून माल बघायचा, अडकलेले मोकळे करायचे. सोनाजीला सीटवरून ड्रमचे तोंड दिसत नसे, उभ्या भीमराजचे डोके तेवढे दिसे, आणि भीमराजला सोनाजी ऐकू येत नसे. म्हणून दोघांच्या मध्ये रुक्माबाई उभी राहायची.

रुक्माबाई सोनाजीची थोरली बहीण आणि भीमराजची बायको. शेतात तिचे सगळे बोलणे भीमराजच्या पाठीवर चाले. उजव्या खांद्यावर दोन टपल्या मारल्या म्हणजे शाफ्ट फिरणार, हात काढा. मानेपासून कमरेपर्यंत सपाट तळवा ओढला म्हणजे खेप झाली, मागे सरका, ड्रम थांबतोय. कामाला एवढे दोन शब्द पुरत होते.

दिवाळीनंतर रुक्माबाई गेली. पोटात गाठ होती. नांदेडला दाखवली तेव्हा ती सगळीकडे पसरलेली होती.

यंदाच्या पहिल्याच शेतात भीमराजचा हात ड्रममध्ये असताना सोनाजीने शाफ्ट जोडला. शेतवाल्याने बोंब ठोकली म्हणून हात वाचला, मनगट तेवढे सोलून निघाले. मग सोनाजीने आपल्या जावयाला, दिपकला, रुक्माबाईच्या जागी मध्ये उभे केले. दिपकने पाठीला हात लावला तसा भीमराजने त्याला कोपराने असा ढकलला की पोरगा पोत्यांवर जाऊन पडला. दिव्याच्या खुणेचेही करून पाहिले, पण त्या पिवळ्या धुरळ्यात, डोक्याला फडके आणि तोंड ड्रममध्ये असताना दिवा कुणाला दिसणार?

"दाजी, आता बस," सोनाजी म्हणाला. "एवढ्या बारीला पल्लवीचं काय ते यंत्र बघतो. न्हाई जमलं तर ड्रमवर दिपक राहील. तुमी पोती शिवा."

पोती शिवायला भीमराजची ना नव्हती. पण पोती शिवणारा माणूस सावलीत एकटा बसतो. ड्रमपाशी उभे राहिले की डोक्यात दुसरे काही शिरत नाही. घरी बसले की घर दिसते. ड्रम सुटला तर आपण उन्हाळा काढणार नाही, हे त्याला ठाऊक होते. ते त्याने कुणाला सांगितले नव्हते. सांगणार कुणाला?

त्याने बंडी अंगात चढवली.

पल्लवी पुण्यात एका कंपनीत अंगावर घालायच्या यंत्रांचे नमुने बनवायची. कामाची सुट्टी काढून आली होती आणि तिने ओसरीत टेबल मांडले होते. बंडीच्या पाठीला आतून सहा बारक्या मोटारी शिवल्या होत्या. मोबाईल थरथरतो तो ज्या मोटारीने, तसल्याच. दोन खांद्यांवर दोन आणि मणक्यावर वरून खाली चार. कमरेला एक डबी होती. तिच्यात बॅटरी, वायरलेसची चिप आणि मोटारी चालवणारी सर्किटची पाटी. सोनाजीच्या हातात दोन बटनांची डबी द्यायची, त्याने दाबले की इकडे पाठीवर कळायचे.

"उजव्या खांद्यावर दोन टपल्या देते," ती ओरडली आणि बटन दाबले.

भीमराजच्या खांद्यावर भुंगा बसला, घुंई करून उठला.

"कळलं?"

"काय कळलं? माशी बसली."

"दोन होत्या!"

"एकच होती. आन् तीबी आळशी."

पल्लवीने पुन्हा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. दोन टपल्यांच्या मध्ये जी जागा हवी ती राहतच नव्हती. मग तिने सहाही मोटारी एकदम लावून पाहिल्या तर सगळे बंद पडले आणि डबीवरचा दिवा विझून पुन्हा लागला.

"मेलं का?" भीमराजने विचारले.

"मेलं नाही. दबलं." ती टेबलाशी वाकली. "आपल्या शेतातल्या डीपीवर सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की काय होतं? व्होल्टेज पडतं. तसंच. सहाही एकदम उठल्या, बॅटरी दबली, चिप झोपून पुन्हा उठली."

"म्हंजे माझा हात ड्रममधी असताना ही झोपणार."

"म्हणूनच घरात बघून राहिले ना! पाटीवरची ही चिप साधी आहे. आत सात ट्रान्झिस्टर आहेत, नळाच्या तोट्यांसारखे. उघडायचं, बंद करायचं. बंद केलं तरी मोटार फिरतच राहते, पंख्यासारखी. थांबवता येत नाही."

"मग आनली काहून?"

"स्वस्त असते, सोपी असते. पहिला नमुना सगळे हिच्यावरच करतात."

"पहिला बापावर केला."

पल्लवीने हातातली कात्री टेबलावर आपटली. "चांगलं करायला आले तरी बोलणं. नाही आले तरी बोलणं."

"तेच म्हनून राहिलो," भीमराज म्हणाला. त्याचा आवाज मोठाच होता. बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. "बापाच्या ड्रमसाठी सुट्टी भेटली. आई दवाखान्यात होती तवा न्हाई भेटली."

शेजारच्या घरातले भांडी घासणे थांबले. पल्लवीने त्याच्याकडे पाहिले. तिने त्याच्या अंगातली बंडी ओढून काढली आणि उसवायला बसली. त्या दिवशी त्या घरात कुणी कुणाला जेवायला बोलावले नाही. ज्याने त्याने चुलीपाशी जाऊन घेतले.

दुसरी पाटी तिने दोन दिवसांत बांधली. मोटारीही बदलल्या. या मोटारी फिरत नव्हत्या. आत स्प्रिंगवर एक वजन होते, ते पुढे-मागे हलायचे. झोक्याला जसा त्याच्या त्याच्या ठेक्यावर धक्का द्यावा लागतो, तसा या मोटारीला विजेचा धक्का उलटसुलट द्यावा लागे. नवी पाटी तो धक्का एका ठरलेल्या ठेक्याने द्यायची. यावेळी खांद्यावर जे बसले ते टपलीसारखे होते. टक, टक. मध्ये मोकळी जागा.

"दोन," भीमराज म्हणाला. कौतुक करायचे नाही असे ठरवूनही त्याच्या तोंडून ते लगेच निघाले.

दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली एका शेतात ड्रम लावला. सोनाजीने सीटवर बसून बटनाची डबी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली.

"मी दाबलं आन् तुमाला कळलं, हे मला कसं कळायचं?" तो भीमराजच्या कानाशी येऊन ओरडला.

"डावा हात वर करतो."

"हात वर झाल्याबिगर मी क्लच सोडत न्हाई. आदीच सांगतो. दिवसभर हितंच बसायचं झालं तरी बसतो."

भीमराजने बंडी घातली, वरून उपरणे गुंडाळले आणि करकचून बांधले. छातीभोवती एक फेरा, कमरेभोवती दोन, टोक आत खोचलेले. पल्लवी धावत आली.

"एवढं घट्ट नका बांधू! मोटारी दाबल्या जातात."

"सैल बांधू? बाळापूरच्या प्रेमदासनं सैल बांधलं व्हतं. शाफ्टनं उपरन्याचं टोक धरलं आन् मागून हात नेला. आता तो डाव्या हातानं विडी वढतो. इचार त्याला."

"थोडं तरी..."

"ड्रमवर सैल काही नसतं, पल्लवी. बाईचा पदरबी नसतो. तुझी आई लुगडं कसं कसून बांधायची ते तुला म्हाईत न्हाई. तू कवा आली हितं?"

ती बाजूला झाली. ट्रॅक्टर सुरू झाला. लोखंडी सांगाडा थरथरू लागला, ती थरथर भीमराजच्या तळपायांतून गुडघ्यांत आली. त्याने दार उघडून आत हात घातला. हळकुंडे उलथीपालथी केली. बराच वेळ गेला. मग कुणीतरी त्याचा दंड धरला. पल्लवी होती. तिच्यामागे सोनाजी सीटवरून उतरून आला होता, ट्रॅक्टर बंद होता.

"दाजी, धा बारी दाबलं!" सोनाजीने बटन त्याच्या नाकासमोर धरले. "अंगठा दुखला माझा! तुमी आतमधी काय देव शोधून राहिले?"

"मला काही कळलं न्हाई."

"मंग झालं तर." सोनाजी पल्लवीकडे वळला. "इंजिनिअरबाई, हे पुन्याच्या गादीवर बसून चालत आसंल. हितं ट्रॅक्टर हाय. उद्या दिपकला बोलवतो."

"मामा, मला कळलंय काय झालं ते."

"आमालाबी कळलं. न्हाई चाललं, हे झालं."

"घट्ट बांधल्यावर मोटारीचा ठेका बदलतो. पाटी जुन्याच ठेक्यानं धक्के देत राहिली. झोका आपल्याकडं येत असताना धक्का द्यावा तसं. मोटार हललीच नाही. आणि ट्रॅक्टरची थरथर वरून. मला अजून एक पाटी करू द्या."

"तुला पाट्या करायला सीझन थांबत न्हाई."

"सोमवारपर्यंत," भीमराज म्हणाला.

सोनाजीने त्याच्याकडे पाहिले. "तुमचा हात गेला तर अक्काला मी काय सांगू?" तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन थुंकला. "सोमवारपर्यंत. मंग न्हाई."

तिसऱ्या पाटीच्या चिपा पल्लवीने पुण्याहून येतानाच आणल्या होत्या. त्या तिने मुद्दाम मागे ठेवल्या होत्या, कारण त्यांत कटकट होती. भीमराज ओसरीत खांबाला टेकून तिचे काम बघत बसला. विचारायचे नव्हते, पण बघायला काय हरकत होती?

"ही चिप मोटारीचं ऐकते," तिने न विचारताच ओरडून सांगितले. "धक्का देते, जरा थांबते, वजन कसं परत येतंय ते बघते, मग पुढचा धक्का त्या ठेक्यानं. तुम्ही कितीही आवळून बांधा. आणि थांबवायचं असलं की उलटा धक्का देऊन जागीच थांबवते."

"मग ही आदी काहून न्हाई लावली?"

"एका मोटारीला एक चिप लागते. सहा मोटारींना सहा. आणि कारखान्यातून सगळ्यांना एकच नाव दिलेलं आहे. मी हाक मारली की सहाही ओ देतात."

"आपल्या आळीवाणी. सोनाजी म्हनलं की चार घरातून मानसं बाहेर येतात."

"हो. म्हणून मध्ये एक दरवान बसवावा लागतो. एक वेळी एकाच दाराची कडी काढतो. मी दरवानाला सांगायचं, तीन नंबरचं दार उघड, मग आत हाक मारायची." ती सोल्डरिंगची सळई फडक्याला पुसत होती. "पाटी मोठी होते, तारा वाढतात, कामात चुका होतात. म्हणून टाळत होते. आता दुसरा रस्ता नाही."

"सोपं सोपं आदी करून बघायचं. आवघड शेवटाला."

ते त्याने मोटारींबद्दल म्हटले होते की आणखी कशाबद्दल, पल्लवीने विचारले नाही. तिचे तोंड मात्र कडू झाले. "तुम्हाला बोलायचंच असेल तर एकदाच काय ते बोलून टाका, बाबा. रोज थोडं थोडं नको."

"मला काय बोलायचं?"

"हेच."

रविवारी सकाळी पाटी तयार झाली. टपल्या बसल्या. उपरणे आवळून बांधल्यावरही बसल्या, पिठाच्या गिरणीच्या थरथरत्या ओट्यावर उभे राहिले तरी बसल्या. गिरणीवाला हसायला लागला तेव्हा भीमराजने त्याला एक शिवी हासडली.

"दुसरी खूण राहिली," पल्लवी म्हणाली. "खेप झाल्याची. आई कशी करायची ते सांगा. किती जोरात, किती वेळ?"

"त्याची गरज न्हाई. तितं एक लांब टपली टाक."

"उजव्या खांद्यावर टपली म्हणजे शाफ्ट सुरू, मणक्यावर टपली म्हणजे शाफ्ट बंद. घाईत एक समजलात तर? दोन खुणांत फरक पाहिजे."

"सांगितलं ना, काही टाक."

त्याने सांगितले नाही. पल्लवीने पुन्हा विचारले नाही. दुपारभर ती बंडी स्वतःच्या अंगात घालून ओसरीत बसली होती, बटन दाबत होती, कॉम्प्युटरवर काहीतरी बदलत होती, पुन्हा दाबत होती. भीमराजला वाटले, मोटारींची जागा बघत असेल.

सोमवारी पुन्हा कालव्याखालचे तेच शेत. सोनाजी जयभीम न करताच सीटवर चढला. दिपकही आला होता. पोत्यांवर बसून मोबाईल बघत होता आणि मधूनच ड्रमकडे बघत होता, जागा आपली झाली असे धरून. भीमराजने उपरणे बांधले. दार उघडले, हात आत घातला.

टक, टक.

उजवा खांदा. चुकायला जागाच नव्हती. त्याने हात काढला, दार लावले, डावा हात वर केला. शाफ्ट फिरला, ड्रम घरघरत फिरू लागला. धुरळा उठला. भीमराजला बरे वाटले. बऱ्याच दिवसांनी त्याला काही बरे वाटले होते. माल ड्रममध्ये उलटत होता, जाळीतून पिवळी भुकटी गळत होती, आणि त्याच्या डोक्यात माल सोडून काही नव्हते.

मग मानेखाली हात टेकला.

वरून सुरू झाला. एका ठिकाणी दबला, तिथला दाब सुटायच्या आत खालच्या जागी आला, मग त्याच्या खाली. मध्ये कुठे खंड नव्हता. तळवा सावकाश उतरत गेला आणि कमरेच्या जरा वर, जिथे ती नेहमी थांबायची तिथे थांबला.

भीमराज वळला.

ड्रम फिरत असताना वळायचे नसते. मागे सरकायचे असते, तोंड ड्रमकडे ठेवून. हे त्याला झोपेतही ठाऊक होते. तो गर्रकन वळला, पुरता वळला, आणि त्याचे कोपर शाफ्टवरच्या पत्र्याला धडकले. उपरणे आवळलेले होते म्हणून पत्र्याला घासून सुटले. मागे कुणी नव्हते. धुरळा होता, आणि त्यापलीकडे पल्लवी तोंडाला ओढणी बांधून उभी होती.

ट्रॅक्टर बंद झाला. सोनाजी उडी मारून खाली आला.

"उतरा!" तो त्याच्या कानात ओरडला. "उतरा म्हनतो! चक्कर आली ना तुमाला? शाफ्ट चालू आन् तुमी गरागरा फिरून राहिले! दिपक, ये इकडं!"

"चक्कर न्हाई आली."

"मंग काय झालं? भूत बघितलं?"

भीमराजने उपरण्याची गाठ सोडली. गाठ सुटेना. त्याने ती तोडल्यासारखी ओढली, बंडी काढली आणि पल्लवीच्या अंगावर फेकली.

"हे कुनी सांगितलं तुला करायला?"

पल्लवी बंडी छातीशी धरून उभी राहिली. "खूण होती ती. तुम्ही सांगितली नाही. मला आठवत होती तशी केली."

"तुला कशी आठवंल? तू ड्रमवर कवा होती?"

"मला झोपवायची ती तशीच!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की दिपकने मोबाईल खाली ठेवला. "तुमची एकट्याची पाठ नव्हती बाबा! तीच मानेपासून सुरू करायची, तिथंच थांबायची. म्हणून काल दिवसभर माझ्या पाठीवर लावून बघितली. चुकली का? सांगा, कुठं चुकली?"

"चुकली न्हाई," भीमराज म्हणाला. "म्हनून तर वळलो."

सोनाजी सासऱ्याच्या हुद्द्याने दिपकला हाताने पुढे ये म्हणून खूण करत होता, तो हात तसाच राहिला.

"चुकली असती तर काम केलं असतं," भीमराज म्हणाला. आता त्याला आवाज आवरता येत नव्हता. "मला वाटलं, मागं उभी हाय. काय म्हनून राहिली ते बघावं. शाफ्ट चालू हाय हे डोक्यात आलं न्हाई. आज कोपर लागलं. उद्या पुन्हा वळंन. रोज वळंन. मिटव ते."

"चिप बदलू?"

"चिप राहू दे. चिप बराबर हाय. तिचा हात मिटव. दुसरं टाक. कमरंपासून वर ने, मानंकडं. तिनं कवाच तसं केलं न्हाई."

पल्लवीचे डोळे भरले होते, पण ते रागाने भरल्यासारखेच दिसत होते. "मी ठेवते ती. या बंडीत नाही. माझ्याजवळ ठेवते. तुम्हाला काय त्याचं?"

"मिटव."

"काहून?"

"माझी बायको व्हती ती. डबीत ठेवायची वस्तू न्हाई."

"माझी आई होती!"

"तिची पाठ दुखायची तवा तू कुटं व्हती, तिच्या पाठीवर कुनाचा हात फिरत व्हता, ते इचारतो का मी?" तो थांबला. हे त्याने विचारलेच होते, रोज विचारत होता. त्याने हात झटकला. "मिटव, पल्लवी. माझ्यासमोर."

तेव्हा सोनाजी पुढे आला. त्याने डोक्याचे फडके काढून हातात धरले होते. तो ओरडला नाही, त्यामुळे भीमराजला ऐकू आले नाही, ओठांवरून कळले.

"दाजी, आदी मला एकदा घालू द्या."

भीमराज त्याच्याकडे बघत राहिला. सोनाजी लहान असताना आई गेली होती. थोरल्या बहिणीने त्याला कडेवर घेऊन वाढवला, लग्नात तो तिच्या पदराला धरून रडत होता, हे सगळ्या पाहुण्यांत ठाऊक होते. त्याच्याही पाठीवरून तो हात फिरला असणार, भीमराजच्या आधी फिरला असणार.

"एकदाच," सोनाजी म्हणाला. "ट्रॅक्टर बंदच हाय."

भीमराजला नाही म्हणायला जड गेले. पण ज्याने एकदा घातली तो दुसऱ्यांदा मागणार, आणि तिसऱ्यांदा आपणच मागू, हे त्याला लख्ख दिसत होते. मग ड्रम कशाला पाहिजे? बंडी घालून तिघे घरी बसतील.

"न्हाई," तो म्हणाला.

"तुमी मानूस हाय का कोन हाय?"

"न्हाई म्हनलं ना."

सोनाजीने फडके जोरात झटकले. "अक्कानं तुमच्या संगं दिवस कसे काढले, तिलाच म्हाईत," तो म्हणाला, यावेळी मुद्दाम कानाशी येऊन, आणि सीटवर जाऊन बसला. तोंड दुसरीकडे करून.

पल्लवीने पोत्यांवर कॉम्प्युटर उघडला. भीमराज तिच्यामागे उभा राहिला. पडद्यावर काय चालले होते ते त्याला कळत नव्हते. लांब ओळींचा एक भाग निळा झाला आणि नाहीसा झाला.

"झालं?"

"झालं."

"दुसरीकडं कुटं ठेवलं असशील."

"ठेवलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता नव्या ओळी लिहू लागली. ठेवले होते की नव्हते ते त्याला कळले नाही. त्याने पुन्हा विचारले नाही. तेवढे तिच्यावर सोडले.

नवी खूण करायला फार वेळ लागला नाही. तिने बंडी त्याच्या हातात दिली, अंगात चढवायला मदत केली नाही. त्याने घातली, उपरणे बांधले, टोक खोचले. ड्रम पुन्हा भरला होता. टपल्या आल्या, त्याने हात काढला, दार लावले, डावा हात वर केला. शाफ्ट फिरला.

खेप झाली तेव्हा कमरेपासून काहीतरी वर चढले. सरड्यासारखे. ते कुणाचेच नव्हते. भीमराज तोंड ड्रमकडे ठेवून दोन पावले मागे सरकला आणि ड्रम थांबायची वाट बघत उभा राहिला. पाठ ओकीबोकी वाटत होती. तरी तो वळला नाही.

दुपारी सुमनबाईने, सोनाजीच्या बायकोने, भाकरी पाठवल्या. सोनाजीने आपला वाटा घेऊन बांधावर जाऊन खाल्ला. पल्लवी जेवलीच नाही. संध्याकाळच्या गाडीने परत जाते म्हणाली. डबीचे चार्जिंग कसे करायचे ते तिने दिपकला समजावले, बापाला नाही. दिपक मान डोलावत होता. त्याच्या तोंडावरून जागा गेल्याचे दुःख फारसे दिसत नव्हते. सकाळचे ते गर्रकन वळणे त्याने पाहिले होते.

उन्हे कलल्यावर शेवटची खेप लावली. भीमराज दार उघडून आत वाकला. पल्लवी पिशवी खांद्याला लावून ट्रॅक्टरपाशी उभी राहिली होती, मामाचा निरोप घ्यायला. सोनाजीने तिच्या हातात बटन दिले असावे, कारण उजव्या खांद्यावर टक टक आले आणि त्याने हात काढायच्या आत पुन्हा आले. मग पुन्हा. दम नसलेल्या, तापलेल्या माणसाने दार ठोठावावे तसे. सोनाजी असे दाबत नव्हता. रुक्माबाईने तर असे कधीच केले नसते.

भीमराजने हात काढला, दार लावले, पण डावा हात वर केला नाही. तसाच उभा राहिला. खांद्यावर आणखी दोन टपल्या आल्या, आणखी दोन. शेवटी त्याने मान वळवली. शाफ्ट बंद होता, वळायला हरकत नव्हती. ट्रॅक्टरच्या चाकापलीकडून पल्लवी वाकून त्याच्याकडे बघत होती, कपाळाला आठ्या घालून, अंगठा बटनावर दाबून धरून.

"कळलं की!" तो तिकडे बघून ओरडला. "बहिरा हाय, मेलो न्हाई!"

ती काहीतरी ओरडली. त्याला ऐकू आले नाही, पण शिवी नव्हती एवढे ओठांवरून दिसले. त्याने डावा हात वर केला आणि ड्रमकडे तोंड केले.